काचेतल्या कातडीचं खाणं

मी आश्रमशाळेत असताना एकदा आमच्याकडे एक गाडी आली होती. पांढऱ्या कोटातली माणसं उतरली, त्यांनी आम्हाला ओळीत उभं केलं, प्रत्येकीच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि हातात बिस्किटाचा पुडा दिला. बिस्किटं आम्ही तिथेच संपवली. रक्त कशासाठी घेतलं आणि त्यात काय निघालं, हे मात्र आम्हाला कुणी कधी सांगितलं नाही. जामसरला घरी गेल्यावर आईने विचारलं तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. ती बराच वेळ माझं बोट उलटसुलट करून बघत होती.

तेव्हापासून आमच्या भागात गाडी घेऊन येणाऱ्या आणि काही तरी फुकट वाटणाऱ्या माणसाकडे मी आधी संशयानेच बघते. जव्हारच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागल्यावर हा स्वभाव कमी होईल असं मला वाटलं होतं. तो वाढला. विज्ञानात निदान प्रश्न विचारायला परवानगी असते, एवढाच काय तो फरक.

त्यामुळे जेव्हा आमच्या मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं की मुंबईच्या एका प्रयोगशाळेत शिक्षकांसाठी प्रशिक्षण आहे, दिवाळीच्या सुट्टीत, राहणं-जेवण त्यांचं, विषय ऊती अभियांत्रिकी, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, “आपल्यालाच का?”

“आपल्यालाच म्हणजे?”

“मुंबईत शाळा नाहीत का, सर? ठाण्यात नाहीत? जव्हार-मोखाड्याचेच शिक्षक कशाला हवेत त्यांना?”

सर हसले. “बाई, तुम्ही जाऊन बघा आणि मग मलाही सांगा. बाकी कुणी सुट्टी सोडायला तयार नाही.”

ऊती हा शब्द आम्ही नववीला शिकवतो. पेशी पेशीला लागून जे तयार होतं ते. कातडी, मांस, कानातली कूर्चा. मुलं पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. अशी ऊती शरीराबाहेर, काचेच्या ताटलीत वाढवायची आणि पुढे कधी तरी जखमी माणसाला लावायची, हे त्या प्रयोगशाळेचं काम होतं. ते बाहेरच्या लोकांना समजेल असं सांगायचं, म्हणून आमचं प्रशिक्षण.

पहिल्या दिवशी आम्हाला पिशव्या मिळाल्या, टोप्या मिळाल्या, वर प्रयोगशाळेचं नाव छापलेलं पेन मिळालं. मी पिशवी घेतली, टोपी परत केली. प्रशिक्षण देणाऱ्या मुख्य मॅडम माझ्याच वयाच्या, पुण्याकडच्या, भरभर बोलणाऱ्या. त्यांच्या हाताखाली संशोधन करणारी एक विद्यार्थिनी होती. ती आम्हाला आतल्या खोल्या दाखवायची. चपला काढा, हे मोजे चढवा, कशाला हात लावू नका. आत गारवा आणि यंत्रांची एकसारखी घरघर. एका कपाटात माणसाच्या अंगाइतकी ऊब कायम ठेवलेली होती आणि त्यात चपट्या बाटल्या आडव्या मांडल्या होत्या. प्रत्येक बाटलीत गुलाबीसर पाणी.

सूक्ष्मदर्शकाखाली मी त्यातल्या पेशी पाहिल्या. खोटं कशाला सांगू, डोळा काढवेना. वाऱ्याने नागलीची, म्हणजे नाचणीची, रोपं एका अंगाला झुकावीत तशा त्या लांबुळक्या पेशी एकाच दिशेला कलून दाटीने उभ्या होत्या. मी वर्गात वर्षानुवर्षं फळ्यावर गोल काढून त्यात ठिपका देते आणि ‘ही पेशी’ म्हणते. ही कुणाच्या तरी अंगातली खरीखुरी, जिवंत पेशी होती.

“या कुणाच्या?” मी विचारलं.

“ऑपरेशनमध्ये जी कातडी काढून टाकतात ना, तिच्यातून मिळवलेल्या,” विद्यार्थिनी म्हणाली. “पेशंटला विचारूनच घेतात.”

“कधी विचारतात? भूल द्यायच्या आधी की नंतर?”

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. “आधी, मॅडम. नंतर कसं चालेल?”

मग मॅडमनी एक पांढरा, मऊ, स्पंजासारखा तुकडा दाखवला. पेशींना चढायला, पसरायला काही तरी आधार लागतो, तो हा. त्या त्याला स्कॅफोल्ड म्हणत होत्या. शिक्षकांपैकी कुणालाच हा शब्द पचत नव्हता. मी म्हटलं, “म्हणजे मांडव. पावसाळ्यात दारात काकडीचा वेल चढवायला घालतो तसा. वेल चढून दाट झाला की मांडव दिसतही नाही.”

“आणि आमचा मांडव पुढे विरघळूनही जातो!” मॅडम आनंदाने म्हणाल्या आणि त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘मांडव’ लिहिलं. सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मला बरं वाटलं. आणि लगेच मनात आलं, इतकं कौतुक कशासाठी चाललंय?

त्याच दुपारी मी त्या गुलाबी पाण्याचं विचारलं. वेल म्हटला की माती आली, खत आलं. या पेशी कशावर जगतात?

“मीडियमवर,” विद्यार्थिनी म्हणाली. “म्हणजे पोषक द्रव. साखर, क्षार, जीवनसत्त्वं असतात त्यात. आणि थोडं सिरम.”

“सिरम कसलं?”

“रक्तातलं. रक्त गोठलं की वर जे पिवळसर पाणी राहतं ते.”

“रक्त कुणाचं?”

तिने मॅडम कुठे आहेत ते पाहिलं. “चहा घेऊया का, मॅडम?”

चहा घेतानाही मी तिच्याच शेजारी उभी राहिले. शेवटी ती हळूच म्हणाली, “वासराचं. जन्माला न आलेल्या वासराचं. बाहेरच्या देशात गाई मांसासाठी कापतात, त्यात एखादी गाभण निघाली तर पोटातल्या वासराचं रक्त काढून घेतात. पेशी झपाट्याने वाढायला लागणारं बरंच काही त्यात असतं. जगभर हेच वापरतात, मॅडम, फक्त आम्हीच नाही.”

मी कप खाली ठेवला आणि सरळ मॅडमकडे गेले. त्या चिडल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा सावध झाला.

“आम्ही लपवत नाही,” त्या म्हणाल्या. “आमच्या शोधनिबंधांमध्ये ते लिहिलेलंच असतं.”

“तुमचे शोधनिबंध आमच्याकडे कोण वाचतं?”

“हे बघा, लोकांसमोर बोलताना एखाद्या शब्दावरून सगळं घसरतं. सध्याचं वातावरण तुम्हाला माहीत आहे. कुणी मोबाईलवर अर्धं बोलणं टिपलं आणि पाठवलं, की पुढे कामच बंद. म्हणून आम्ही फक्त ‘पोषक द्रव’ म्हणतो. ते खोटं नाही.”

“मला कुणी विचारलं तर मी वासराचं आहे असं सांगणार.”

“कुणी विचारणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “इतके कार्यक्रम केले, पेशी काय खातात हे अजून कुणीही विचारलेलं नाही.”

प्रशिक्षण घेतलेल्या प्रत्येक शिक्षकाने आपल्या भागात एक कार्यक्रम करायचा आणि प्रयोगशाळेची माणसं मदतीला येणार, असं ठरलेलं होतं. आमच्या सरांना तो जव्हारमध्ये हवा होता. मॅडमना ‘एखादं गाव’ हवं होतं. गाव कशासाठी हवं, याचाही मला संशय होताच. गावातले फोटो चांगले दिसतात. मी पोशेऱ्याचं नाव सुचवलं, कारण पोशेरा माझ्या मामाचं गाव. तिथे लोक मनात ठेवून गप्प बसत नाहीत, तोंडावर बोलतात आणि मला तर हक्काने ओरडतात.

ओरडण्याची सुरुवात कार्यक्रमाच्या आधीच झाली. कातडी कापणारी माणसं येणार, अशी बातमी पाड्यापाड्यांवर पोचली होती. मी सांगायला गेले तेव्हा मामा गोठ्यापुढे बसला होता.

“पोरांची कातडी घेणार काय?”

“नाही, मामा.”

“मोठ्यांची?”

“कुणाचीच नाही. नुसतं दाखवणार, सांगणार.”

“नुसतं दाखवाया मुंबैहून गाडी करून कोण येतं?” मामा म्हणाला. “तू शिकलेली हाय, बाय, पण तुला कायच कळत नाय.”

मला वाईट वाटलं नाही. मीही सरांना जवळपास तेच विचारलं होतं.

मामाची सून, म्हणजे माझी वहिनी, आतून ऐकत होती. लग्नानंतर थोड्याच वर्षांत रॉकेलच्या चिमणीने तिच्या लुगड्याला आग लागली होती. जीव वाचला, पण कानाखालपासून खांद्यापर्यंत आणि खाली कोपरापर्यंतची कातडी आवळून घट्ट झाली. मान एका अंगाला ओढलेली, डावा हात खांद्याच्या वर जात नाही. मागे वळून बघायचं तर तिला अख्खं अंग वळवावं लागे. भाताची लावणी ती उजव्या हाताने करायची आणि तरीही कुणाच्या मागे राहायची नाही. चारचौघांत पदर मानेवर घट्ट धरलेला. तिने मला काही विचारलं नाही. चहा देताना एकदा थांबली, एवढंच.

कार्यक्रमाच्या दिवशी शाळेपुढे जीप लागली. बॅनर बांधला गेला. विद्यार्थिनीने खोकं उघडलं आणि ती मुलांना बिस्किटं वाटू लागली. मी तिला थांबवलं. म्हटलं, “शेवटी. आणि ज्याला हवी त्यालाच.” तिला कारण कळलं नाही, पण तिने खोकं बंद केलं. सूक्ष्मदर्शकाखाली मुलांना फक्त कांद्याच्या सालीतल्या पेशी दाखवायच्या, कुणाच्याही तोंडातलं, अंगातलं काही घ्यायचं नाही, हे मी आधीच कबूल करून घेतलं होतं.

माणसं बरीच जमली. बाया भिंतीकडेने, पुरुष पुढे. मामा पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसला. मॅडम शाळेतल्या मराठीत बोलत होत्या, मी ते आमच्या घरातल्या बोलीत सांगत होते. मांडवाची गोष्ट सगळ्यांना पटली. एक म्हातारी बाई म्हणाली, काकडीचा मांडव वारा आला की पडतो, तुमचा पडत नाही काय? मॅडम खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, पडतो, पुष्कळदा पडतो. मला त्या तेव्हा पहिल्यांदा आवडल्या.

मग त्यांनी बर्फाच्या डब्यातून काचेची ताटली काढली. आत तो पांढरा तुकडा. “हा नुसता मांडव आहे. यात पेशी सोडल्या की हळूहळू कातडीसारखा थर तयार होतो. भाजलेल्या माणसाला पुढे त्याचा उपयोग व्हावा, अशी आमची धडपड आहे.”

मामाने ताटली हातात घेतली, वास घेतला.

“पेशी सोडल्या की ही जिती होते?”

“हो,” मी म्हटलं.

“जिती झाली म्हंजे खाणार. काय खाते?”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या म्हणाल्या, “एक पोषक द्रव असतो, बाबा. साखर, क्षार, जीवनसत्त्वं.”

“बाय, तू सांग,” मामा माझ्याकडे वळला. “साखर खाऊन कातडी होते काय?”

मी सांगितलं. आमच्याच बोलीत सांगितलं, काही मऊ न करता. गाय कापलेली असते, तिच्या पोटातलं वासरू, त्याचं रक्त, त्या रक्तातलं पाणी. आपल्या देशातलं नाही, बाहेरून येतं.

“गाभण गाय?” मामाने विचारलं.

“गाभण.”

मामाने ताटली टेबलावर ठेवली, जपून ठेवली, आणि उठला. “हे आधी सांगाया पायजे होतं.”

“आता सांगितलं ना, मामा.”

“मी विचारलं म्हणून.”

तो निघून गेला. त्याच्यामागे अर्धीअधिक पुरुष मंडळी उठली. एकाने मोबाईल वर धरलेला मला दिसला. मॅडमनाही दिसला आणि त्यांचा चेहरा उतरला. मी त्याच्यापाशी गेले. ओळखीतलाच होता, भिवंडीला गोदामात कामाला जायचा. त्याला म्हटलं, “दादा, काढ, पण शेवटपर्यंत थांब. अर्धं ऐकून पाठवलंस तर मी काय म्हणाले ते कुणालाच कळणार नाही.” त्याने मोबाईल खाली घेतला. त्याने पुढे काय केलं ते मला माहीत नाही. निदान माझ्यापर्यंत तरी काही आलं नाही.

मला वाटलं, संपलं सगळं. तेवढ्यात भिंतीकडून वहिनी पुढे आली. बायांनी तिला वाट दिली. ती टेबलासमोर उभी राहिली आणि तिने मानेवरचा पदर काढला. आपल्या माणसांसमोरही तिने तो असा कधी काढला नव्हता.

“बाबा उठून गेले,” ती मॅडमना म्हणाली. “त्यांना जाऊ दे. भाजलेय मी. ते वासराचं रक्त माझ्या अंगात राहणार काय?”

मॅडम सावकाश म्हणाल्या, “लावण्याआधी धुतात. तरी थोडं उरू शकतं. त्याशिवाय पेशी वाढवायचे प्रयत्न चालू आहेत, आम्हीही करतोय, पण अजून नीट जमलेलं नाही.”

“मला हे कवा मिळंल?”

“माहीत नाही. आमच्याकडचं हे अजून कुठल्याही माणसाला लावलेलं नाही.”

“मग आम्हाला दाखवाया का आणलं?”

मी तो प्रश्न मॅडमना त्यांच्या मराठीत सांगितला नाही. त्याची गरज नव्हती. मॅडमनी ताटलीवर झाकण ठेवलं, टेबलाच्या पुढे आल्या आणि विचारलं, “मी तुमची मान बघू का?” वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी काहीच खूण केली नाही. मलाच कळत नव्हतं. वहिनी म्हणाली, “बघा. हात नका लावू.”

मॅडम बघून म्हणाल्या की त्या स्वतः डॉक्टर नाहीत, पण अशी आवळलेली मान सोडवायचं ऑपरेशन असतं आणि ते फार जुनं, नेहमीचं आहे. आवळलेली कातडी चिरून मोकळी करतात आणि तिथे मांडीची पातळ कातडी काढून लावतात. त्याला कुठलीही प्रयोगशाळा लागत नाही. मोठ्या सरकारी दवाखान्यात होतं.

“माझीच मांडी?”

“तुमचीच.”

“हे आजवर कुणी का नाय सांगितलं?” वहिनीने मला विचारलं, मॅडमना नाही. मी विज्ञान शिकवते आणि हे ऑपरेशन असतं हे मलाही माहीत नव्हतं.

परत येताना जीपमध्ये, जव्हार जवळ आल्यावर मॅडम म्हणाल्या, “वासराचं सांगण्याआधी तुम्ही मला नुसतं डोळ्यांनी तरी विचारायचं होतं.”

“तुम्ही माझ्याकडे बघतच नव्हता,” मी म्हटलं.

त्यांनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

ऑपरेशनचं ऐकून माझा संशय कमी व्हायच्या ऐवजी वाढला. या बाईने वहिनीला दवाखान्याचा रस्ता का दाखवला? तिथे यांचीच माणसं बसली नसतील कशावरून? मामाच्या मनातही तेच. “तिकडं नेतील आणि झोपवून तेच लावतील,” तो म्हणाला. वहिनीचा नवरा ठाण्याकडे कामाला. त्याला फोन लावला तर तो म्हणाला, “तुम्ही लोक बघून घ्या, मी इथून काय बोलणार?” शेवटी वहिनीनेच ठरवलं. भात कापून झाल्यावर आम्ही दोघी मोखाड्याहून एसटीने नाशिकला गेलो.

तिथल्या सर्जनना मी खोदून खोदून विचारलं. हे रोजचं ऑपरेशन की तुमचा प्रयोग? मुंबईच्या अमुक प्रयोगशाळेशी तुमचा काही संबंध? त्यांनी त्या प्रयोगशाळेचं नावही ऐकलं नव्हतं. वहिनीचा एकच प्रश्न होता आणि तो तिने पुन्हा पुन्हा विचारला, “माझ्याच मांडीची ना? दुसऱ्या कुणाची नाय? वासराची नाय?” पहिल्यांदा डॉक्टर हसले. मग ती हसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. ते स्टुलावर बसले आणि तिच्या मांडीवर कुठून कुठपर्यंत कातडी घेणार ते त्यांनी पेनाने रेघ मारून दाखवलं. त्यांच्या हाताखालच्या एका शिकाऊ डॉक्टरने, विद्यार्थ्यांना दाखवायला फोटो काढू का, असं विचारलं. वहिनी म्हणाली, “हाताचा, मानेचा काढा. तोंडाचा नाय.” त्याने काढल्यावर तिने त्याच्याकडून मोबाईल मागून घेतला आणि तोंड आलं नाही ना ते पाहिलं.

ऑपरेशन झालं. मानेपेक्षा मांडीच जास्त दुखली. मामा गावाहून बघायला आला. सुनेला कशी आहेस हे विचारायच्या आधी त्याने मांडीचं बँडेज पाहिलं, मग नर्सला गाठून विचारलं, कातडी कुठनं काढली? नर्सने सांगितलं. थोड्या वेळाने त्याने दुसऱ्या नर्सला तेच विचारलं. दोघींचं उत्तर एकच निघालं, तेव्हा तो येऊन वहिनीच्या पायाशी बसला आणि म्हणाला, “मांडीचीच घेतलीय.” जणू ते तिला ठाऊक नव्हतं.

पुढे मानेला पट्टा, रोजचे व्यायाम, तेल चोळणं. सगळं काही पहिल्यासारखं झालं नाही. डाग राहिले, कोपर पूर्ण सरळ होत नाही. पण मान वळते. हात खांद्याच्या वर जातो. एकदा मी पोशेऱ्याला गेले तेव्हा ती चुलीपुढे होती. मी मागून हाक मारली आणि तिने फक्त मान वळवून पाहिलं.

पावसाळ्यानंतर जव्हारमध्ये दुसरा कार्यक्रम ठरला. मला वाटलं होतं मॅडम मला टाळतील, पण त्यांचा स्वतःचा फोन आला. आणि या वेळी व्यासपीठावर उभं राहून, मांडवाच्याही आधी, त्यांनी सांगून टाकलं की पेशी काय खातात आणि ते कुठून येतं. सभागृहात कुजबुज झाली. तीन-चार जण उठले. पेठेतले एक भांडीवाले चाचा, आमच्या शाळेला लागणारी पातेली त्यांच्याकडूनच येतात, ते मागून उभे राहिले. “मॅडम, तुम्ही गायीचं सांगितलं. डुकराचं काही असतं का?”

मॅडम म्हणाल्या, “असतं. बाटलीच्या तळाला चिकटलेल्या पेशी सुट्या करायला एक द्रव वापरतात, तो बऱ्याचदा डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेला असतो. दुसऱ्या प्रकारचाही मिळतो, पण महाग पडतो.”

“सांगितलंत ते बरं झालं,” चाचा म्हणाले आणि खाली बसले. ते शेवटपर्यंत थांबले. चहा मात्र घेतला नाही. चहाचा आणि त्या द्रवाचा काही संबंध नव्हता, पण मला त्यांचं वागणं समजलं.

आणि मी खुर्चीत बसून विचार करत होते की हे मला प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. मी गायीवर थांबले आणि तिथेच सगळं कळलं असं धरून चालले. आणखी काय काय असेल?

त्यानंतर काही दिवसांनी प्रयोगशाळेच्या प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या एका साहेबांचा फोन आला. फार गोड बोलत होते. संस्थेची वार्षिक पुस्तिका निघतेय, त्यात पोशेऱ्याच्या त्या भाजलेल्या ताईंची यशोगाथा घ्यायची आहे, आधीचा आणि नंतरचा फोटो हवाय.

“तिच्या ऑपरेशनचा आणि तुमच्या कातडीचा काय संबंध?” मी विचारलं.

“थेट नाही. पण आमच्या कार्यक्रमामुळेच त्यांना माहिती मिळाली ना?”

हे खरंही होतं, म्हणूनच जास्त खटकलं. वाचणाऱ्याला काय वाटेल ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी म्हटलं, तिला विचारून सांगते. वहिनीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “छापू दे. पण खाली लिहाया सांग, ह्यांच्या कातडीनं नाय, माझ्या मांडीच्या कातडीनं मान सुटली.” मी तसंच्या तसं साहेबांना कळवलं. ते म्हणाले, “एवढं वाक्य जागेअभावी बसणार नाही.”

“मग नको,” वहिनी म्हणाली.

मी मॅडमना फोन करून विचारलं, तुम्हाला हे माहीत होतं का? “मला विचारलं नव्हतं त्यांनी,” त्या म्हणाल्या.

“खरंच?”

“तुम्हाला काय वाटतं?”

“मला ठरवता येत नाही, म्हणून तर विचारतेय.”

“मी बघते,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पुस्तिका शाळेत आली तेव्हा मी पानन् पान चाळलं. वहिनी कुठेच नव्हती. पोशेऱ्याच्या शाळेचा एक फोटो होता, पहिल्या रांगेत मामा हाताची घडी घालून बसलेला, आणि खाली लिहिलं होतं, ‘ग्रामस्थांशी मनमोकळा संवाद’. मी तो मामाला दाखवायला घेऊन गेले. त्याने लांब धरून पाहिला आणि आपलं नाव का नाही लिहिलं, एवढंच विचारलं.

वहिनी अंगणात नागली पाखडत होती. मी तिच्याजवळ बसले. थोड्या वेळाने ती म्हणाली, “बाय, त्या बाईचं ते कवा तयार होईल? माणसाला लावाया?”

“माहीत नाही.”

“तिला विचार ना.”

“विचारलं. तिलाही माहीत नाही म्हणते.”

सुपातला कोंडा तिने फुंकून उडवला. “खरं सांगत असंल का?”

“असेल,” मी म्हटलं. “बहुतेक.”

तिने सूप माझ्या हातात दिलं, म्हणाली, जरा धर, आणि नागलीवर चाल करून आलेल्या कोंबड्या हाकलायला उठली.